राजचरित्राला वाचक कसे मिळाले

नांदरगडच्या प्रचंडसिंह महाराजांनी स्वतःचं चरित्र स्वतःच लिहिलं. बारा खंड भरले. त्यासाठी राजवाड्यासमोर वाचनमंडप बांधला, पण दोन वर्षांत तिकडे कुणी फिरकलं नाही. एक गाय तेवढी आली होती. तिनेही पहिल्या खंडाची फक्त प्रस्तावना खाल्ली.

महाराज भडकले. दोष चरित्रात असणं शक्यच नव्हतं, म्हणून तो मंडपाचा रखवालदार कोंडाजी याच्या माथी आला. हुकूम सुटला की, पंधरा दिवसांत शंभर माणसं आपणहून येऊन चरित्र वाचताना दिसली पाहिजेत. जबरदस्ती करायची नाही, खिरापत वाटायची नाही आणि मजकुराचा काना-मात्रा बदलायचा नाही. जमलं नाही तर कोंडाजीने बायकोसह राज्य सोडून चालतं व्हावं.

प्रसिद्धीचं खातं प्रधान वाचस्पतिरावांकडे होतं. अशा कामात त्यांना न विचारता पुढे होण्याची सवय होती. त्यांनी चाळीस दवंडीवाले सोडले. ‘प्रजावत्सल नृपतिशार्दूलांचे दिव्य चरित्र वाचा हो!’ अशी आरोळी लग्नाच्या मांडवात झाली, नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांच्या कानाशी झाली, आजाऱ्याच्या उशाशीही झाली. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

मग प्रधानांनी मंडपावर पाटी लावली, ‘आत गरम जिलबी आहे.’ तासाभरात तीनशे माणसं आली आणि जिलबी नाही म्हटल्यावर प्रधानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत परत गेली. प्रधानांनी तीनशेचा आकडा दरबारात छाती फुगवून सांगितला. महाराजांनी विचारलं, त्यातल्या किती जणांनी वाचलं? प्रधान म्हणाले, तो आकडा अजून हाती यायचा आहे.

दहा दिवस असेच गेले. कोंडाजी घरातली भांडीकुंडी बांधायला लागला. त्याची बायको भिवरा मात्र रोजच्यासारखी वेशीवरच्या पाणपोईवर जाऊन बसली. नांदरगडात येणाऱ्याची एक रीत होती. आधी पाणी प्यायचं, मग मिशा पुसायच्या आणि मग पाणपोईवालीला काहीतरी विचारायचं. भिवरा वर्षानुवर्षं उत्तरं देत आली होती. आता तिने प्रश्न मोजायला घेतले. एका प्रश्नाला एक चिंचोका, आणि सारख्या प्रश्नांचा एक ढीग.

तीन दिवसांनी तिने नवऱ्याला ढीग दाखवले. सगळ्यांत मोठा जिलबी कुठे चांगली मिळते याचा होता. त्याखालोखाल स्वस्त धर्मशाळेचा. ‘नृपतिशार्दूलांचे दिव्य चरित्र’ कुठे मिळेल, असं कुणीच विचारलं नव्हतं. त्या जागी भिवराने नुसतं बोट टेकवलं.

तिसरा ढीगही चांगला मोठा होता. दरबारात अर्ज घेऊन आलेली माणसं पाणी पीत, इकडेतिकडे बघत आणि हळूच विचारत, “बाई, महाराजांचा राग कधी उतरतो?” भिवराला ते कुठून ठाऊक असणार?

“ते सातव्या खंडात आहे की,” कोंडाजी म्हणाला. “पान एकशे बारा.”

बिचाऱ्याला दुसरं काही कामच नव्हतं. साऱ्या राज्यात बाराही खंड वाचलेला तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी जिलबीची पाटी उतरली आणि तिथे नवी चढली, ‘महाराजांचा राग कधी उतरतो? खंड सातवा, पान एकशे बारा.’ पाणपोईवरही भिवरा हेच सांगू लागली, पण ज्याने विचारलं त्यालाच. बाकीच्यांना नुसतं पाणी. प्रधान हसले. म्हणाले, चाळीस जणांनी घसा फोडून जमलं नाही, ते ही कुजबुजून करणार!

पंधराव्या दिवशी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. एकशे चाळीस माणसं मोजली गेली. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी वाचणाऱ्याला मधे बसवलं होतं. खिडकीतून ते बघून महाराजांचे डोळे भरून आले. त्याच आनंदात ते पोटभर जेवले आणि लवंडले. बघतात तो दारात एकशे चाळीस माणसं अर्ज घेऊन रांगेत उभी! सहा अर्ज मंजूर केल्यावर महाराजांना शंका आली.

“आमची ही वेळ यांना कुणी सांगितली?”

प्रधान तयारच होते. हा राजद्रोह आहे, त्या पाणपोईवालीला पकडा, म्हणाले. भिवराला आणलं. ती सातवा खंड घेऊनच आली.

“महाराजांनीच सांगितली,” ती म्हणाली आणि तिने वाचून दाखवलं. “‘दुपारी जेवल्यावर वाळ्याचं सरबत घेऊन आम्ही पाय चेपून घेतो. त्या घटकेला कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचा आम्हांस कंटाळा येतो.’ काना-मात्रा बदललेला नाही.”

वाचक तर मिळाले होते, पण महाराजांचं मन खट्टू झालं होतं.

“बाई, बारा खंडांत आमचे एवढे पराक्रम आहेत. त्यांच्याबद्दल कुणीच विचारत नाही?”

“तुमच्या पराक्रमाची चौकशी शत्रू करतो, महाराज,” भिवरा म्हणाली. “आणि तुमच्या भीतीने तो आमच्या वेशीपर्यंत पोचतच नाही. मग पाणपोईवर विचारणार कोण?”

महाराज आधी हसले, मग खो खो हसले, इतके की पाय चेपणाऱ्याच्या हातून पाय सुटला. कोंडाजीला जन्मभराची रखवालदारी मिळाली. प्रसिद्धीचं खातं भिवराकडे आलं. प्रधानांना हुकूम झाला, की महिनाभर पाणपोईवर बसायचं, लोकांना पाणी द्यायचं आणि स्वतः काही न बोलता त्यांचं ऐकायचं.

त्यातलं पाणी देणं त्यांना जमलं.