सभापतींचा थेंब

जुबेदाभाभी तांबोळींचं गॅरेज नाल्याकाठी होतं. गाड्यांचं जळकं तेल भाभी नाल्यात कधी जाऊ देत नसत. पिंपात साठवायच्या आणि ते शुद्ध करणाऱ्या कारखान्याला द्यायच्या.

एका सकाळी नगरपालिकेच्या पर्यावरण समितीचे सभापती दिगंबरराव ठोसर गाडीचे ब्रेक दाखवायला आले. पिंपं पाहताच त्यांचा पारा चढला.

"एवढं तेल?"

"गॅरेज आहे साहेब. तेल असणारच."

"कारणं नकोत. संध्याकाळी गाडी न्यायला येईन, तेव्हा या आवारात तेलाचा थेंबही राहता कामा नये. नाहीतर कुलूप लावेन."

"पिंपात झाकून ठेवलेलंही नको?"

"कशातही नको."

कुलूप लागलं तर घर कशावर चालणार, हा विचार भाभींच्या मनात आला. मग पिंपं कारखान्याकडे रवाना करून त्या पुढच्या कामाला लागल्या.

संध्याकाळी ठोसर कुलूप घेऊनच आले. आवार लख्ख होतं. निरुपायाने ते गाडीत बसले.

"चालू करू नका, इंजिन जाम होईल," भाभी म्हणाल्या. "आत तेल नाही."

"माझ्या गाडीतलं तेल काढलं?"

"ती आवारातच होती ना साहेब. कशातही नको म्हणालात. आता फक्त तुमच्या केसांना लावलेलं खोबरेल उरलंय. नळापाशी साबण ठेवलाय."

ठोसरांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. बोटं तेलकट झाली.

"नाल्यात नको, एवढंच म्हणायचं होतं मला," ते पुटपुटले.

"मग फाटकाबाहेर ठेवलेलं तेल गाडीत ओतू?"

"ओता," असं म्हणून त्यांनी कुलूप खिशात घातलं.