आमिषाचा तिसरा अर्थ

एका राज्यात एक तळं होतं, आणि त्या तळ्याकडे पाठ करूनच लोक जेवायला बसत. का म्हणून विचाराल, तर तळ्याच्या मधोमध बेट होतं, बेटावर वक्रनख नावाचा मांत्रिक राही, आणि तिथं गेलेला माणूस परतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. राजा कीर्तिकेतूचे दोन्ही पुत्र तिथंच अडकले. थोरला भाजलेल्या हरणाच्या वासानं गेला, धाकटा मोत्यांच्या राशी बघून गेला. उरली राजकन्या शाल्मली. भावांना सोडवायचंच, असं ठरवून तीही बापाला न सांगता होडीत बसली.

बेटाला तीन पायऱ्या होत्या. पहिलीवर खंड्या पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोलला, "राजकन्ये, आमिष म्हणजे काय?"

"मांस," शाल्मली म्हणाली. "सामिष जेवण म्हणतात ते त्यावरूनच."

वाट मिळाली. दुसऱ्या पायरीवर पुन्हा तोच पक्षी, तोच प्रश्न!

"एकदा सांगितलं ना?"

"तो जुना अर्थ झाला. पुढचा सांग."

"गळाला लावतात तो तुकडा," ती म्हणाली. "दाखवायचं अन्न आणि घ्यायचा जीव."

पुन्हा वाट मिळाली. तिसऱ्या पायरीवर बघते तर काय, दोघे भाऊ जिवंत! कमरेला चांदीचा दोर, डोळ्यांत पाणी, हात पसरलेले. "शालू, ये गं, सोडव!" आता कसला प्रश्न नि कसलं उत्तर! ती धावली, आणि तिचा हात लागताच दोघांचा दगड झाला. दोर सळसळत तिच्या कमरेला बसला.

झाडामागून वक्रनख आला. "तिसरा अर्थ राहिला, मुली."

"मोह," ती कशीबशी म्हणाली.

"कुणाचा? थोरल्याला मांस पुरलं, धाकट्याला मोती. तुला दोन्ही नकोत. म्हणून तुला तुझे भाऊ लावले."

शाल्मलीनं दगड झालेल्या भावांकडे बघितलं. "आणि मी?"

"तू तुझ्या बापाला. त्याचं पाऊल इथं पडलं की राज्य माझं."

अरे देवा! समोरून होडी येत होती. डोक्यावर मुकुट नाही, पायांत जोडे नाहीत, म्हातारा राजा लेकीच्या शोधात स्वतः वल्ही मारत होता. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "येऊ नका!" तोंडातून निघालं, "लवकर या!" तीनदा ओरडली, तीनदा तेच निघालं. आणि राजा दुप्पट जोरानं वल्हवू लागला.

मांत्रिक हसत दोर गुंडाळू लागला. तेव्हा खंड्या पुटपुटला, "मासोळी वळवळली तरच मी झेप घेतो बाई. निपचित पडलेलीला चोच लावत नाही."

शाल्मली मटकन खाली बसली, तळ्याकडे पाठ केली आणि ओठ दातांखाली धरला.

"शालू! अगं, मी आलोय!"

ती हलली नाही.

"शालू बाळ, इकडे बघ!"

ओठातून रक्त आलं. ती हलली नाही.

वल्ही थांबली. मग राजाचा आवाज आला, थकलेला. "ही माझी लेक नव्हे. माझ्या हाकेला ती वळली नाही असं कधी झालंच नाही. हा मांत्रिकाचा पुतळा आहे." होडी फिरली. पाण्याचा आवाज लांब लांब गेला, आणि शाल्मलीला वाटलं, आपला जीवच निघून चालला.

"रिकामा गेला!" वक्रनख किंचाळला. गळ रिकामा गेला की गळवाला मरे, असा त्याचाच मंत्र होता. तो तिथंच राख झाला. दोर गळून पडला. बेटावरच्या साऱ्या दगडांची माणसं झाली, खंड्याचाही माणूस झाला, आणि सगळे होड्या भरून निघाले. राज्यात चुली पेटल्या, लोक तळ्याकडे तोंड करून जेवले.

राजा मात्र घाटावरच बसला होता. त्यानं मुलांना पोटाशी धरलं. मग लेकीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मी तुला पुतळा म्हणालो."

"ऐकलं, आबा."

"मग वळली का नाहीस?"

"वळले असते तर तुम्ही उतरला असता."

उपरण्याच्या टोकानं राजा तिचा फाटलेला ओठ पुसत राहिला.