भोंग्याचं मिनिट

कॉम्प्युटर कपाटाएवढे असायचे, त्या काळची गोष्ट. धरणावरच्या अशाच एका कॉम्प्युटरच्या पोटात एक घड्याळ राहायचं. रोज ते किंचित मागे पडायचं, पण तारेवरून शहरातल्या मोठ्या घड्याळाला वेळ विचारायची त्याला लाज वाटे. "एवढ्याशानं काय बिघडतंय?"

एका संध्याकाळी मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याच्याकडे पावणेसहा झाले होते. त्याने विचारलं. उत्तर आलं, "पाच सत्तावन्न."

सहाला धरणाचा दरवाजा उघडणार होता, तोही मोठ्या घड्याळाप्रमाणे. त्याच्या दहा मिनिटं आधी भोंगा वाजायचा, पण तो या घड्याळाच्या सांगण्यावरून. आणि खाली नदीत बाया धुणं धूत होत्या.

"गुपचूप बारा मिनिटं पुढे उडी मारतो," ते पुटपुटलं. "कुणाला कळतंय?"

"अरे, त्या उडीत माझं पाच पन्नास जाईल!" भोंगा ओरडला. "मग मी वाजू कधी?"

दोन मिनिटं उरली. घड्याळाने लाज गिळली. "दरवाजेदादा, थांबा! मी बारा मिनिटं मागे आहे. भोंग्या, आत्ताच वाज!"

भोंगा वाजला. शेवटची बाई काठावर चढेपर्यंत दरवाजा हलला नाही.

तेव्हापासून धरणावर सकाळचा पहिला आवाज घड्याळाचाच असतो, "किती वाजले हो?"