इशाऱ्यापुढचे पुकारे

त्या राज्यात सगळं काळं होतं आणि प्रजा वाक्यांची होती. राजा महालाबाहेर पडत नसे. कुठे काय घडलं ते सांगायला वाक्यं एकेक करून त्याच्या झरोक्यासमोरून जात, आणि राजा काचेआडून ती वाची. सगळी वाक्यं राखाडी. लाल रंगाचा मान फक्त धरणावरच्या इशाऱ्याला होता.

हा रंग अंगाला लागत नसे. रंगारी इशाऱ्यासोबत दोन पुकारे, म्हणजे हाक देणारे सेवक, देई. पुढचा काचेच्या कानात सांगे, ‘लाल रंग लावा’. मागचा सांगे, ‘उतरवा’. काच ऐके आणि तसं दाखवी. पुकारे राजाला कधी दिसले नाहीत. त्याला वाटे, इशारा जन्मतःच लाल आहे. इशाऱ्यालाही हळूहळू तसंच वाटू लागलं होतं.

एकदा गडबडीत इशारा मागच्या पुकाऱ्याला घरीच विसरला. ‘उतरवा’ म्हणायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्याच्यामागचं प्रत्येक वाक्य लाल दिसलं. त्यात मुदपाकखान्याचं ‘पानं वाढली आहेत’ हेही होतं. एरवी तीन हाका मारूनही न उठणारा राजा त्या दिवशी धावत जेवायला आला.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याच्या दारात रांग लागली. आठवड्याभरात सारी प्रजा लाल झाली. मग इशाऱ्याने ठळक व्हायचं ठरवलं. सगळे ठळक झाले. त्याने पायाखाली रेघ घेतली, सगळ्यांनी घेतली. शेवटी तो लुकलुकू लागला. आता त्याच्यापुढे चार पुकारे चालत.

या लखलखाटाने राजाचे डोळे दुखायला लागले. त्याने काचेवर पडदा ओढला आणि दाराशी एक कारकून बसवला. कारकुनाने ऐकू येईल ते लिहायचं. एका वाक्याला दिवसाला एक ओळ, ओळीत तीस अक्षरं. संध्याकाळी राजाला वाचून दाखवायचं.

आणि त्याच आठवड्यात धरणाला तडा गेला. इशाऱ्याने त्यात बोट घालून पाहिलं. बोट आत गेलं. खाली तीन गावं होती. तो तडक निघाला, फक्त पुकारे गोळा करण्यापुरता थांबला.

वाटेत ‘पानं वाढली आहेत’ भेटलं. “काय इशारेराव, आजही वाजतगाजत? काच झाकलीय. माझे पुकारे तर घरी झोपलेत.”

“तुझं ठीक आहे, तुझ्या आधी फोडणीचा वास पोचतो. मला रंगावाचून कोण ओळखणार?”

“ओळख कशाला हवी? निरोप द्यायचाय ना?”

“आणि चारचौघांत राखाडी जाऊ?”

दाराशी मात्र त्याचं पाऊल अडखळलं. पुकाऱ्यांना माघारी पाठवावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग त्याला खालची तीन गावं आठवली. एवढ्या जिवांचा प्रश्न, आणि आपण साध्या वेषात जायचं? ते त्याला बेजबाबदारपणाचं वाटलं. त्याने पुकाऱ्यांना पुढे केलं.

पुकारे सवयीप्रमाणे बोलले. कारकुनाने लिहिलं. मग इशाऱ्याने तोंड उघडलं, “धरणाच्या भिंतीला...”

कारकुनाने लेखणी उचलली. “ओळ भरली.”

“अहो, मुख्य तेच राहिलंय.”

“मुख्य असेल ते आधी सांगायचं असतं, बाबा. आता उद्या या. पुढचं कोण?”

संध्याकाळी कारकुनाने राजाला वाचून दाखवलं, “लाल रंग लावा. ठळक करा. खाली रेघ ओढा. लुकलुक करा. धरणाच्या भिंतीला.”

राजा उठून बसला. “धरणावरून इतकी रास्त मागणी आजवर आली नव्हती. रंगाऱ्याला पाठवा.” मग ‘पानं वाढली आहेत’ वाचलं गेलं आणि तो जेवायला गेला.

सकाळी रंगारी शिडी लावून धरणाच्या भिंतीवर चढला. इशारा खालून ओरडून काहीतरी सांगत होता, पण त्याचे पुकारे आधी ओरडत होते, आणि रंगारी त्यांना मान डोलावत होता. लाल झालं, जाड हात झाला, खालची रेघ झाली. एका जागी मात्र रंग टिकेना. रंगाऱ्याने तिथे तीनदा हात दिला. चौथं काम कसं करायचं, या विचारात तो शिडीवर थांबला असताना ऊन वर आलं. त्या जागेतून झिरपणाऱ्या पाण्यावर ते पडलं, आणि भिंत आपोआप लुकलुकू लागली. रंगाऱ्याने समाधानाने कुंचला धुवायला त्याच पाण्याखाली धरला.