नकाशातली काळी रेघ

आमच्या लालसूदादाला नकाशा वाचायला कोणी शिकवलं? विचारलं की तो नुसता हसायचा. गेल्या महिन्यात तो गेला. आता कोण सांगणार?

सागाची तोड चालू असताना जंगलखात्याचे नवे साहेब नकाशाची झेरॉक्स घेऊन गावात आले. एका काळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हा ट्रकचा रस्ता. तुमची मोहाची झाडं त्यात येतात. उद्या सगळी तोडा."

त्या चाळीस झाडांवर गाव जगतं. मी रागाने कुऱ्हाड घेऊन उठलो. दादाने हात धरून मला खाली बसवलं.

"साहेब, या बारीक रेघा उंचीच्या. तुमच्या रस्त्यापाशी प्रत्येक रेघ डोंगराकडे टोक काढून वळते. असं नाल्यापाशी होतं. झेरॉक्समध्ये नाल्याची निळी रेघ काळी झाली."

"मला शिकवतोस?"

"नाही साहेब. उद्या ट्रक याच रस्त्याने आणा. आम्ही जाळं घेऊन थांबतो."

साहेबांचा ड्रायव्हरही हसला. साहेब बघायला गेले, ते बूट भिजवून आले आणि झेरॉक्स आमच्यापुढे टाकून निघून गेले. दादाने ती जपून ठेवली.

यंदाही आम्ही मोहफुलं वेचली, ती त्याच्यामुळे. त्याला मातीत ठेवताना मी ती झेरॉक्स त्याच्या छातीवर ठेवली. त्याआधी त्या रेघेवरून निळं पेन फिरवलं.