मोतीपूर बरं की चिंचपूर?

“बकुळे, मोतीपूर बरं की चिंचपूर? उद्या संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर तुझा बाप जन्मभर कोठडीत बसेल!” तुंगराजा गरजला.

बकुळा म्हणजे राजवाड्यातल्या नरहरी आचाऱ्याची मुलगी. नरहरीचा गुन्हा तरी काय? राजाला नवा वाडा बांधायचा होता. नदीच्या अलीकडे मोतीपूर, पलीकडे चिंचपूर, आणि जिथं राहणं स्वस्त नि सुखाचं, तिथंच राजा राहणार! नरहरी वरण वाढत असताना राजानं त्याला विचारलं, तर तो भला माणूस म्हणाला, “दोन्ही शहरं चांगलीच आहेत, महाराज.” झालं! ‘दोन्ही’ या शब्दाचं राजाला वावडं होतं. नरहरीची रवानगी थेट कोठडीत झाली, आणि वरण तसंच निवत राहिलं.

“आणि हे बघ,” राजा पुढं म्हणाला, “भाताचे, भाड्याचे, सरपणाचे आकडे वाचून पंडितांनी आम्हाला भर दरबारात झोपवलंय. आता आकडा एकही नको! उत्तर मुठीत मावलं पाहिजे, आणि बघताक्षणी आम्हाला पटलं पाहिजे!”

प्रधानजी मिशीतल्या मिशीत हसले. मोतीपुरात त्यांच्या मोक्याच्या जमिनी होत्या ना! अख्खी दोन शहरं मुठीत कोण आणणार?

बापाच्या आठवणीनं बकुळाला रडू फुटत होतं. पण तिनं पदरानं नाक पुसलं आणि ती म्हणाली, “आणते की! पण महाराज, तुम्हाला माझ्याबरोबर वांगी घ्यायला यावं लागेल.”

“आम्ही? वांगी?”

“मग काय! तुमचं राहायचं शहर, तर बाजारही तुम्हीच करायला नको का?”

राजा हट्टी खरा, पण हौशीही तेवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घोंगडी पांघरून निघाला. पायांत मात्र जरीच्या मोजड्या तशाच! बकुळानं त्यांना चिखल फासला, तेव्हा कुठं तो माणसात आला.

मोतीपूरचा बाजार कसा, फरसबंदी, लखलखीत! भाजीवाल्यानं एका पैशाला शेरभर वांगी मोजून दिली. राजा खूश झाला. “अगं, किती स्वस्त!”

बकुळानं पिशवी पुढं केली. “दादा, वर थोडी कोथिंबीर टाका की!”

“कोथिंबिरीचे वेगळे पडतील.”

“अहो, एक काडी!”

“काडीचेही पडतील.”

राजाला राहवलं नाही. “बरं, नुसता वास घेऊ का?”

“घ्या, पण आधी पैसे ठेवा! सगळ्यांनी फुकट वास घेतला तर कोथिंबिरीत उरणार काय?” भाजीवाला म्हणाला. “आणि बाजूला व्हा बघू. फुकटात सावली अडवून उभे राहिलाय!”

राजा उन्हात सरकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी सरकवलं होतं.

मग नावेतून नदी ओलांडून दोघं चिंचपुरात आली. रस्ते धुळीचे, बाजार चिंचेखाली. गोणपाटावर एक जाडजूड मावशी बसली होती.

“मावशी, वांगी कशी?” राजानं ऐटीत विचारलं.

“दोन पैसे शेर.”

“दुप्पट!” राजा चमकला. घासाघीस करायची असते एवढं त्यानं ऐकलं होतं. कुठल्या दिशेनं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. “छे, छे! आम्ही तीन देणार!”

“अरे, दोन म्हटलं ना!”

“मग चार! त्याच्यावर एक पैसा बोलायचा नाही!”

मावशीनं कपाळाला हात लावला. “अगं पोरी, याला एकट्याला बाजारात सोडत जाऊ नकोस हो!” तिनं दोनच पैसे घेतले, वांगी मोजली, आणि बकुळानं तोंड उघडायच्या आत वर मूठभर कोथिंबीर टाकली. मग चार मिरच्या. मग कढीपत्ता. मग राजाकडं निरखून पाहिलं आणि आल्याचा तुकडा. “आवाज बसलाय तुझा, काढा कर. आणि उभा काय राहिलास उन्हात? इकडं ये, गोणपाटावर बस. गुळाचा खडा खा, वर पाणी पी. वांगी भरून कर हो, दाण्याचं कूट घाल सढळ हातानं!”

राजा गोणपाटावर असा काही विसावला, की त्याला उठवता उठवता बकुळाच्या नाकी नऊ आले.

संध्याकाळी दरबार भरला. प्रधानजी खाकरले. “महाराज, मोतीपूरच स्वस्त! वांगी तिथं निम्म्या भावात मिळतात!”

“बकुळे, तुझं उत्तर?”

बकुळानं मूठ उघडली. आत थोडी सुकलेली कोथिंबीर होती.

“हे काय?” प्रधानजी खेकसले.

“दोन शहरांतला फरक! मोतीपुरात पैसे दिले की बाजार संपतो, महाराज. चिंचपुरात पैसे दिल्यावर सुरू होतो!”

“हॅः! मूठभर कोथिंबिरीचं काय कौतुक! मोतीपुरातून मी गाडाभर आणून देतो!”

“आणाल हो, प्रधानजी. पण विकतच आणाल!”

राजा एवढ्या जोरात हसला, की मुकुट नाकावर आला. “पटलं! वाडा चिंचपुरातच, आणि तोही बाजाराला लागून! नरहरीला आत्ताच्या आत्ता सोडा! आणि बकुळे, नदीकाठचा मळा तुला इनाम!”

नरहरी डोळे पुसत आला. बकुळानं त्याला मिठी मारली, राजाला वाकून नमस्कार केला. पण जागची हलेना. पदर पसरून उभीच!

“आता काय?” राजानं विचारलं.

“बाबा मिळाले, मळा मिळाला, महाराज. वर काय?”

हसून हसून राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि तिच्या पदरात टाकला.