भोपळा कोणाच्या पाठीला

एकदा एक वृद्ध गावच्या विहिरीत मुलांना पोहायला शिकवत होता. हे ‘एकदा’ नेमके कोणत्या वर्षी, ते मला खात्रीने सांगता येणार नाही. तपशिलांत माझी चूकही होत असेल. मी त्याचा शिष्य होतो. पदव्या दोन होत्या, पोहणे मात्र येत नव्हते.

गावाची शाळा नदीपलीकडे होती. ज्याला पोहता येते त्यालाच होडीत घ्यायचे, असा गावाचा दंडक. एका व्यापाऱ्याची मुलगी, सगुणा, आठ दिवस विहिरीवर येत होती. शाळा उघडायला चारच दिवस उरले होते. तरंगायला मदत म्हणून पाठीला वाळका भोपळा बांधून ती पाण्यात उतरे आणि काठावरून बाप ओरडे, “सगुणे, बुडशील! नाकात पाणी जाईल! पाय निसटेल बघ!” की ती परत पायरीला चिकटे.

नवव्या दिवशी वृद्धाने तिच्या पाठीचा भोपळा सोडला आणि कोरड्या काठावर बसलेल्या बापाच्या पाठीला करकचून बांधला. धुणे धुणाऱ्या बायका हसू लागल्या. “शेठ, पोहत सासुरवाडीला निघालात की काय?”

“बाबा, ही काय थट्टा?” व्यापारी संतापला. “पोरीला मोकळी सोडता?”

“पोरीपाशी मी आहे,” पाण्यात उतरत वृद्ध म्हणाला. “आठ दिवस बुडताय ते तुम्ही. आता भोपळा आहे, निर्धास्त बसा. आणि तिनं काय करायचं, तेवढंच सांगा.”

काय करू नये याची यादी व्यापाऱ्याला पाठ होती; काय करावे, ते शोधावे लागले. मग तो चाचरत म्हणाला, “सगुणे… हात लांब टाक. हां. समोरची पायरी बघ.”

वृद्धाने तिच्या पोटाखालचा हात केव्हा काढला, मला दिसले नाही. ती समोरच्या पायरीवर बसून खोकत होती आणि हसत होती.

मी विचारले, “पण बाबा, विहीर खोल आहे. शेठ खोटे थोडेच बोलत होते?”

“खरंच बोलत होता. पण ‘बुडशील’ म्हटलं की पोराला तळ दिसतो, ‘हात टाक’ म्हटलं की पायरी दिसते. आपलं भय आपण सांभाळावं. पोराच्या पाठीला बांधू नये.”

हे ऐकूनही मी माझ्या मुलाला अनेक वर्षे ‘पडशील’ म्हणत राहिलो. पुढे तर हे खरेच घडले होते की मीच रचले, अशी शंका येऊ लागली. म्हणून गेल्या वैशाखात त्या गावी गेलो. विहिरीवर सगुणा आपल्या मुलाला पोहायला शिकवत होती. मुलगा पाण्यात होता. ती काठावर बसली होती, आणि भोपळा तिच्या पाठीला होता.